सांक्ट आंटोन ते लेश: पाळणा, बस की पिस्टबाहेरची उतरण?

हिवाळ्याच्या सुट्टीचे बेत ठरायला लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये ऑस्ट्रियातल्या आर्लबेर्ग या स्कीच्या डोंगराळ भागाचं नाव वारंवार येतं. मी इन्सब्रुकला राहते. तिथून रेल्वेनं सव्वा तासात सांक्ट आंटोन येतं, त्यामुळे या डोंगरात माझं जाणंयेणं नेहमीचं. एकाच पासवर चालणारी सांक्ट आंटोन, सांक्ट क्रिस्टोफ, श्टूबेन, त्स्युर्स, लेश आणि वार्ट ही गावं, ३०० किलोमीटरहून जास्त पिस्ट (स्कीसाठी बर्फ दाबून तयार केलेल्या वाटा), आणि मधोमध आर्लबेर्गची खिंड. सांक्ट आंटोन आणि सांक्ट क्रिस्टोफ तिरोल राज्यात, बाकीची गावं फोरआर्लबेर्गमध्ये. या गावातून त्या गावात जायचं कसं, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. यंदाची चार पत्रं निवडली आहेत.

ताई, मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीसाठी म्युनिकला असतो. स्की गुलमर्गला शिकलो. तिथल्या आफरवत शिखरावरून मऊ बर्फात उतरलो आहे, जंगलातून बाबारेशीपर्यंत जाऊन टॅक्सीनं परत आलो आहे. फेब्रुवारीत मी आणि माझा धाकटा भाऊ सांक्ट आंटोनला जातोय. वालुगा शिखराच्या मागच्या बाजूनं थेट त्स्युर्सला उतरता येतं असं कळलं. तीन-चार पाळणे (रोपवे) बदलण्यापेक्षा हे जवळचं वाटतं. दोघंच गेलो तर जमेल का?

नाही. दोघंच जाऊ नका, आणि ती वाट जवळची म्हणून तर अजिबात निवडू नका.

पहिली गोष्ट, तुम्हाला वर जाऊच देणार नाहीत. वालुगाग्राटपर्यंत, म्हणजे २,६५० मीटरपर्यंत, मोठा पाळणा कोणालाही नेतो. तिथून २,८११ मीटरच्या शिखरावर जायला एक छोटा पाळणा आहे, जेमतेम चार-पाच माणसांचा. नुसतं दृश्य बघायला जाणाऱ्यांना त्यात मुभा आहे. हातात स्की असतील तर सोबत परवानाधारक गाईड लागतो. दारातला कर्मचारी आधी तुमच्या स्कीकडे बघतो आणि मग तुमच्या मागे कोण उभं आहे ते बघतो.

नियमामागचं कारण वर पोचल्यावर लगेच कळतं. उत्तरेकडचा पहिला उतार तीव्र आहे आणि त्याच्या खाली कडा आहे. इथे तोल गेला तर घसरत जाऊन कुठेतरी थांबू, हा हिशेब चालत नाही. तो टप्पा बाजूला कापत पार केला की मग पाझीलचं खोरं उघडतं आणि त्स्युर्सपर्यंत एकूण अकराशे मीटरच्या आसपास उतार मिळतो. चांगल्या बर्फात ती उतरण फार सुंदर आहे. एखाद्याला आयुष्यात एकदाच आर्लबेर्गला यायचं असेल तर मी त्याला हीच उतरण सांगेन, फक्त गाईडबरोबर. माझी तुम्हाला ना आहे ती निव्वळ एकटं जाण्याला आणि त्यामागच्या 'जवळचं' या हिशेबाला.

बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढून खिरेश्वरला उतरणारा माणूस वेळ वाचला असं म्हणत नाही. ती वाट तो त्या वाटेसाठीच चढतो, आणि पलीकडे उतरल्यावर गाडी कुठे मिळणार, शेवटची एसटी किती वाजता आहे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवतो. वालुगाची वाट त्याच जातीची आहे. तिच्यासाठी दिवस काढा. त्स्युर्सला पोचणं हे तुमचं काम असेल तर पाळण्यानं किंवा बसनं पोचा.

पाळण्याची वाट आता सरळ आहे. गाल्त्सिगवरून शिंडलरग्राट (दोन्ही सांक्ट आंटोनच्या वरची पाळण्याची ठाणी), तिथून उल्मर ह्युटे या डोंगरातल्या विश्रामघराच्या बाजूनं राउत्सपर्यंत पिस्टवरून उतरायचं आणि राउत्सला फ्लेक्सनबानमध्ये बसायचं. हा पाळणा डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला. त्याआधी राउत्स ते त्स्युर्स हा तुकडा रस्त्यानंच करावा लागायचा; पायातले स्की काढून सगळे बसथांब्यावर रांगेत उभे राहायचे. आजही वारा सुटला की पाळणे थांबतात आणि लोक पुन्हा त्याच थांब्यावर येतात. परतीच्या वाटेवर त्स्युर्सहून वर जाऊन फ्लेक्सनबानमध्येच बसायचं आणि त्यातूनच खाली राउत्सला यायचं, कारण त्या बाजूनं खाली पिस्ट नाही. हे माहीत नसलेले लोक दुपारी साडेतीनला वर पोचून नकाशावर खाली जाणारी रेघ शोधत असतात. लेशपर्यंत जाणार असाल तर दोनच्या सुमाराला परत फिरा. चारच्या आसपास एकेक लिफ्ट बंद व्हायला लागते आणि तुम्हाला त्या ओळीनं सगळ्या हव्या असतात.

गुलमर्गच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. खोल, न दाबलेल्या बर्फात गुडघे कसे चालवायचे हे तुम्हाला येतं; आल्प्समध्ये वर्षानुवर्षं सपाट पिस्टवर स्की करणाऱ्या पुष्कळांना ते येत नाही. पण तिथे गोंडोलाच्या खालचा उतार गस्तीची माणसं तपासून उघडतात. इथे पिस्टच्या कडेचे खांब ओलांडले की पुढचा उतार कोणी तपासलेला नसतो. दोन पावलांवर पिस्ट दिसते आहे म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. कोणाच्या तरी ताज्या खुणा दिसतात म्हणूनही नाही. तो माणूस आधी गेला एवढंच त्या खुणा सांगतात.

हिमस्खलनाच्या धोक्याचा अंक १ ते ५ असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आर्लबेर्गमध्ये एक जादा गोष्ट लक्षात ठेवा: वालुगावरून त्स्युर्सला उतरलात की तुम्ही राज्य ओलांडलंत. सांक्ट आंटोनसाठी तिरोलचं हिमस्खलनाचं पत्रक, त्स्युर्स-लेशसाठी फोरआर्लबेर्गचं, दोन्ही वाचायची. अंकाखालचा मजकूर अंकापेक्षा महत्त्वाचा: कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, वाऱ्यानं साठवलेला बर्फ आहे की आतला जुना थर कच्चा आहे. आणि ३ हा आकडा बघून 'मधलाच तर आहे' असं समजू नका. हिमस्खलनात सर्वाधिक माणसं जातात ती ३ असतानाच. ४ असताना आभाळ काळं असतं आणि लोक आपणहून थांबतात. ३ असताना ऊन पडलेलं असतं, बर्फ नवा असतो, आणि पाय थांबत नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये लेशजवळ हिमस्खलनात चार जर्मन स्कीअर दगावले. ज्या वाटेनं ते उतरले ती त्या दिवशी बंद होती. २०१२च्या फेब्रुवारीत याच लेशमध्ये नेदरलँड्सचे राजपुत्र फ्रिसो पिस्टबाहेर गाडले गेले. त्यांना बाहेर काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागली, ते पूर्ण शुद्धीवर आले नाहीत, आणि दीड वर्षानं, ऑगस्ट २०१३ मध्ये वारले. बर्फाखाली पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो; त्यानंतर शक्यता झपाट्यानं खाली येते. बचावपथक कितीही तयार असलं तरी एवढ्या वेळात ते पोचणं कठीण. म्हणजे तुम्हाला तुमचा भाऊ शोधेल, आणि भावाला तुम्ही. दोघांकडे बीकन (बर्फाखालच्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं छोटं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असायला हवं, एवढंच नाही, तर डोळे मिटूनही ते वापरता यायला हवं. म्युनिकमध्ये आहात तर डिसेंबरात एक शनिवार-रविवार सरावासाठी काढा. बीकन बर्फात पुरून शोधा, घड्याळ लावून.

गाईडबरोबर निघालात की सकाळी वालुगाग्राटवर एक गोष्ट घडेल. तो थोडं पुढे जाऊन उभा राहील आणि तुम्हाला एकेक करून त्याच्या समोरून जायला सांगेल. प्रत्येक जण जवळून गेला की त्याच्या छातीवरचा बीकन टिकटिकतो. एखाद्याच्या वेळी आवाज आला नाही तर तो काही न बोलता हात वर करतो, आणि सगळे थांबतात. बॅटरी संपलेली असते, किंवा बीकन 'शोधा'वर राहिलेला असतो. एवढीशी तपासणी, पण दोन भाऊ उत्साहात निघाले की पहिल्यांदा हीच राहते.

दिवसभराच्या गाईडला काहीशे युरो पडतात. चार-पाच जणांत वाटून घेता येतात; स्की शाळेत आदल्या दिवशी नाव दिलं तर ते तुम्हाला बरोबरीच्या गटात बसवतात. परतीची बस-टॅक्सीही तोच बघतो. त्याच्याकडून बाकीच्या वाटाही विचारून घ्या. रेंडल डोंगराच्या मागून माल्फोन खोऱ्यातून उतरलं की पेट्नॉय गाव येतं. आल्बोना डोंगरावरून लांगेन गावाच्या दिशेला जंगलातली उतरण आहे. या दोन्हींच्या शेवटी लिफ्ट नाही, रस्ता आहे आणि त्यावर बसथांबा आहे. इथले जाणकार पिस्टबाहेरचा दिवस आखताना बसचं वेळापत्रक आधी उघडतात ते यासाठीच. बस ज्याला कमीपणाची वाटते त्यानं या वाटांना जाऊ नये.

पहिल्या दिवशी गाईड मिळाला नाही तर माडलोखची वाट करा. त्स्युर्सच्या वरून त्सुग गावाकडे उतरणारा हा नकाशावरचा अधिकृत स्की-रूट आहे. खुणा असतात, धोका असेल तर तो बंद ठेवतात. पण पिस्टसारखा दाबून दिलेला बर्फ गृहीत धरू नका. खड्डे-उंचवटे मिळतील, गर्दीही मिळेल. दुसरं म्हणजे, माडलोख बंद असेल तर त्स्युर्सहून लेशला स्कीवर जायचा सरळ मार्गच उरत नाही, मग बस. दोरी लावून बंद केलेल्या वाटेवर 'बघू तर' म्हणून शिरू नका, एवढं माझं ऐका.

आणि विमा. हेलिकॉप्टरनं उचललं तर बिल तुमच्या नावावर येतं. ऑस्ट्रियाच्या अल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलंत तर बचावाचा खर्च त्यात येतो. पर्वतातल्या बचावासाठी इथला क्रमांक १४० आहे, युरोपभर ११२. दोन्ही फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा.

लेक-जावई आणि नातवंडांबरोबर आम्ही दोघं जानेवारीत सांक्ट आंटोनला जाणार आहोत. दोघंही साठीच्या पुढचे, स्की येत नाही. मुलं एक दिवस स्की करत लेशला जाणार म्हणतात. आम्ही बसनं जाऊन दुपारी त्यांना तिथे जेवायला भेटलो तर? की बर्फात ही उठाठेव नको? (ठाणे)

काकू, जरूर जा. त्या मुक्कामातला तुमचा सगळ्यात छान दिवस हाच असेल.

बस सांक्ट क्रिस्टोफवरून खिंड चढते. आर्लबेर्गचा स्की क्लब इथेच १९०१ मध्ये स्थापन झाला. पुढे राउत्सला वळून ती फ्लेक्सनच्या रस्त्याला लागते. हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगर कोरून काढला. बर्फ खाली येऊन रस्त्यावर पडू नये म्हणून बराचसा भाग छपराखाली आहे. दरीच्या बाजूला नुसते खांब. तेव्हा दरीच्या बाजूची खिडकी धरा. खांबांच्या मधून खाली श्टूबेनची छपरं दिसतात, खांब आला की जातात, पुन्हा दिसतात. फ्लेक्सनची खिंड ओलांडली की १,७१७ मीटरवरचं त्स्युर्स येतं, झाडं जवळजवळ नाहीतच, आणि मग उतरत उतरत लेश.

सकाळी नऊच्या बसला स्कीवाल्यांची गर्दी असते. दहानंतरची धरा. बसमध्ये जडशीळ बूट घातलेली माणसं चढतात, त्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशी ओली आणि निसरडी होते. दांडा धरूनच चाला, ड्रायव्हर गाडी हलवायच्या आत बसा. परतीला तीन ते पाच ही वेळ टाळा. पास नसलेल्यांना तिकीट काढावं लागतं. सुटे युरो जवळ ठेवा.

लेशला नुसतं बसून राहू नका. रुफीकॉप्फच्या पाळण्यात स्की न करणाऱ्यांनाही जाता येतं. वर २,३५० मीटरला बसायला जागा आहे, चहापाणी मिळतं. पाय चालत असतील तर नदीकाठानं त्सुगपर्यंत हिवाळ्यातही चालायची वाट मोकळी ठेवलेली असते, घोड्यांच्या घसरगाड्याही त्याच बाजूला जातात. मुलांना त्सुगला भेटा असं मी सुचवेन. ती त्स्युर्सहून माडलोख करून उतरतील ती तिथेच, म्हणजे लेशच्या गर्दीत कोणी कोणाला शोधायला नको. माडलोख बंद असेल तर बेत लेशचा, हे सकाळीच बोलून ठेवा. बुटांना खाली रबरी खाचा असलेले तळ हवेत. त्यावर चढवायचे छोटे काट्यांचे पट्टे इथल्या दुकानात सहज मिळतात.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. जोराचा बर्फ पडला की फ्लेक्सनचा रस्ता बंद करतात, कधी तासाभरासाठी, कधी जास्त. मोठ्या बर्फवृष्टीत त्स्युर्स-लेश रस्त्यानं तुटल्याचं अनेक हिवाळ्यांत झालं आहे. सकाळी अंदाज वाईट असेल तर तो दिवस नको, दुसरा घ्या. आणि अंदाज चांगला असला तरी दोघांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या, ज्या काही गोळ्या असतील त्यांचा एका रात्रीचा डोस पर्समध्ये ठेवूनच निघा. पहाटे दरीत धमाके ऐकू आले तर घाबरू नका. रात्री साठलेला बर्फ माणसं डोंगरावर यायच्या आत मुद्दाम पाडतात, त्याचे ते आवाज.

आम्हा श्टुटगार्टच्या मित्रांना वार्टमध्ये परवडणारं घर मिळतंय. रोज पाळण्यानं लेशला जाऊ, रात्री कधी उशीर झाला तर टॅक्सी करू. बेत बरोबर आहे ना?

घर घ्या, टॅक्सीचा भाग खोडून टाका. वार्ट आणि लेशला जोडणारा आउएनफेल्डजेट २०१३ च्या हिवाळ्यापासून चालतो. दोन किलोमीटरचा हा पाळणा फक्त ने-आण करतो. त्याच्याखाली पिस्ट नाही. आणि वार्ट-लेश रस्ता हिवाळ्यात हिमस्खलनाच्या भीतीनं बंद असतो. नकाशावर दोन गावं शेजारी दिसतात, पण शेवटचा पाळणा चुकला तर मोटारीनं डोंगराला भला मोठा वळसा घालावा लागतो, आणि त्या भाड्यात लेशची एक खोली सहज येईल. पाळण्याची शेवटची वेळ रोज सकाळी चढताना फलकावर वाचा आणि त्याच्या तासभर आधी तिथे या. दाट धुकं किंवा वारा असेल त्या दिवशी पलीकडे जाऊच नका. वार्टचा उत्तरेकडचा बर्फ आर्लबेर्गमधल्या उत्तम बर्फात मोडतो, तिथेच स्की करा. पाळणा चुकला म्हणून वार्टकडे पिस्टबाहेरून, अंधार पडताना, ओळखीची नसलेली दरी उतरायचा विचार कोणी मांडला तर त्या मित्राला थांबवा.

ताई, मी झुरिकला शिकते. मैत्रिणीकडे लेशला जायचंय, सोबत स्कीची मोठी पिशवी. सांक्ट आंटोनला उतरू की लांगेनला?

लांगेनला उतर. सांक्ट आंटोन प्रसिद्ध आहे म्हणून सगळे तिथलं तिकीट काढतात, पण झुरिककडून येताना लांगेन आधी लागतं, आर्लबेर्गच्या रेल्वे बोगद्याच्या अलीकडे. हा १० किलोमीटरहून लांब बोगदा १८८४ चा आहे. पलीकडे गेलीस की खिंड चढून परत यावं लागेल. लांगेन स्टेशनवरून श्टूबेन, त्स्युर्स करत लेशची बस मिळते. गाडी फार थोडा वेळ थांबते, तेव्हा बोगी कुठली ते आधी बघ आणि ब्लुडेन्ट्स स्टेशन गेलं की पिशवी घेऊन दाराशी उभी राहा. संध्याकाळी उशिराची गाडी घेणार असशील तर ती बसला जोडलेली आहे का, ते तिकीट काढायच्या आधी तपास, आणि मैत्रिणीला निघतानाच बसची वेळ कळव.